दुधाचा दात, वय वर्षे वीस

तमाम दंतधारक जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वर्षी एका मंगळवारी आंतरराष्ट्रीय कायदा मुलुंड पश्चिमेला, पहिल्या मजल्यावर, माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत येऊन बसला आणि त्याने तोंड उघडायला साफ नकार दिला.

मी दातांचा डॉक्टर. पंचवीस वर्षं लोकांना गोष्टी सांगतोय, आणि माझ्याइतके सभ्य श्रोते कुठल्या नटालाही मिळाले नसतील. सगळे आ वासून ऐकतात आणि मध्ये बोलायची सोय नाही. त्यामुळे समोरच्यालाही काही म्हणायचं असेल, हे मी सहसा धरतच नाही.

त्या दिवशी माझी एक जुनी पेशंट आली. वकील आहे, मुलांच्या केसेस लढते. स्वतःच्या रूट कॅनालला मात्र तीनदा दांडी मारलेली. सोबत एक बारीकशी मुलगी. म्यानमारमधून निघालेली, वाटेत घरचे सुटले, दोन सीमा ओलांडून एकटीच इथवर आलेली. वर्सोव्याला कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये सापडली. दिसायला लहान म्हणून तात्पुरती बालगृहात ठेवली होती.

"डॉक्टर, हिचं वय सांगा."

"तिलाच विचार ना."

"विचारलं. पोलिसांना वीस सांगून बसलीय. कामाला लावणाऱ्या दलालाने पाठ करून घेतलंय, कुणीही विचारलं तरी वीस. लहान म्हटलं की कोंडून ठेवतात, असं भरवलंय डोक्यात. हाडांचा एक्स-रे म्हणतो सतरा ते एकोणीस. आता सगळं दातांवर."

मग तिने मला समजावलं. निर्वासितांच्या करारावर आपल्या देशाची सही नाही. बालहक्कांचा करार मात्र आपल्याला मान्य आहे, आणि त्यात एकट्या, परक्या मुलासाठी सगळं आहे. आसरा, शाळा, पालक म्हणून कुणीतरी माणूस. धोक्यात परत पाठवायचं नाही. वयाची शंका असेल तर फायदा मुलाला.

"फक्त मूल असायला हवं," ती म्हणाली. "अठरा भरले की ही नुसती बिनकागदाची परदेशी बाई."

"मग?"

"मग कोठडी. आणि नंतर सीमा."

मला एकदम भूमिका मिळाल्यासारखं झालं. हातमोजे चढवले, खुर्ची झोकात मागे नेली. मुलीने ओठ घट्ट मिटले. लहान पेशंटसाठीची माझी हुकमी युक्ती काढली. "पडलेला दात कुठे टाकायचीस गं तू? आम्ही कौलांवर फेकायचो," असं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. आमची रिसेप्शनिस्ट मूळची जालन्याची. ती दारातूनच म्हणाली, "हमारे गाव में चूहे के घर में डालते. चूहा नया दात देता, एकदम बारीक." मुलीने चटकन तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

वरचा सुळा दुधाचा होता, आणि हलत होता.

"दुधाचा दात!" वकीलबाई ओरडली. "झालं की काम! पुरावा!"

"माझ्या मेहुण्याला बेचाळिसाव्या वर्षी आहे."

"त्याला मूल म्हणता येणार नाही?"

"वागण्यावरून येईल. कायद्याने नाही."

जबड्याचा एक्स-रे काढून आणला. अक्कलदाढेची मुळं जवळजवळ पूर्ण झालेली. सतरा ते एकवीस, याहून नेमकं कुणी सांगू शकलं नसतं.

"सोळा लिहा ना, डॉक्टर."

"मलाही सोळाच वाटते गं. पण मुळांवर तसं लिहिलेलं नाही. आज खोटं लिहिलं तर उद्या दुसऱ्या मुलीचं खरं कोण मानेल?"

आणि मी आयुष्यातलं सर्वांत मिळमिळीत वाक्य लिहिलं: 'वय अठरापेक्षा कमी असणे अशक्य नाही.'

गुरुवारी बालकल्याण समितीपुढे सुनावणी होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून, पाच मिनिटांचं भाषण पाठ करून गेलो. अध्यक्षबाई वयस्कर, चेहऱ्याने मायाळू.

"डॉक्टर, मूल की सज्ञान, एवढंच सांगा."

"दोन्ही शक्य आहे."

संपलं भाषण. वकीलबाईने शंकेच्या फायद्याचं कलम वाचून दाखवलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "त्याच करारात असंही आहे की मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं. मी ऐकणार." त्यांनी फाइल बाजूला सारली, मुलीपुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"डर मत, बेटा. सच बोल. उमर कितनी?"

मुलगी शाळेत उभी राहतात तशी ताठ उभी राहिली. "बीस."

"किसी ने सिखाया क्या?"

"बीस."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंचं पेन कितीतरी वेळ कागदावर अधांतरी राहिलं. "तिच्या तोंडात मी माझे शब्द कसे घालू?" त्या हळूच म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. हाडं एकोणीसपर्यंत जात होती, दाढ एकवीसपर्यंत, आणि ती स्वतः वीस म्हणत होती. खोलीत दुष्ट असं कुणी नव्हतं, हेच वाईट. त्या दिवशी तोंड माझं उघडं होतं आणि बोलायची सोय नव्हती.

सही झाली. महिला पोलीस दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलीने पाण्याचा घोट घेतला, मध्येच थांबली आणि तळहातावर काहीतरी थुंकली. दात. ओठाला रक्त लागलेलं. तिने तो ओढणीला नीट पुसला, वाकून कपाटाखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि मग सगळ्यांदेखत मला मोठ्याने विचारलं, "डाक्टर, इधर चूहा किधर रहता है?"