घरट्यामागे दर

चटईवाल्या मावशींची चाळीस वर्षं गुडघाभर पाण्यात गेली. तळ्यातलं पाणकणीस कापायचं, वाळवायचं, चटया विणायच्या. मधला एक पट्टा मात्र त्या कापत नसत. तिथं पाणकोंबड्या अंडी घालतात. कारण विचारलं की म्हणायच्या, "बाळंतिणीच्या खोलीत कुणी विळा घेऊन शिरतं का?" गावातलं दुसरंही कुणी शिरत नसे. त्याला नियम म्हणावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

मग निसर्गरक्षणाच्या कार्यालयाला हे कळलं. चांगली गोष्ट फुकट चाललेली पाहून कार्यालयं अस्वस्थ होतात. गावकऱ्यांना घरट्यामागे मोबदला सुरू झाला. तीन वर्षं आला, चौथ्या वर्षी आला नाही. मावशींचे धाकटे दीर विळा घेऊन सरळ पट्ट्यात उतरले.

"अहो भावजी, अंडी आहेत तिथं!"

"पगार नाही तर पहारा कसला, वहिनी? उबवू देत साहेबांना."

दीर माणूस वाईट नव्हता. हिशेबी झाला होता, तोही सरकारी खर्चानं.

यंदा साहेब दुप्पट दराचा करार घेऊन दारात आले. दीरांनी सही केली होती. मावशींच्या लेकीनं कागद वाचला: मोबदला घेणाऱ्यानं कापणीवरचा हक्क सोडायचा.

"साहेब, दर राहू द्या बाजूला," मावशी म्हणाल्या. "कापणी आमच्या हक्काची आणि पट्टा राखणं आमच्याकडे, एवढं लिहा."

"त्याला रकाना नाही, मावशी."

"मग आखा की! पट्टी देऊ?"

साहेब हसले. रकाना आखायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आई, दुप्पट आहे गं. छप्पर होईल," लेक पुटपुटली.

"होईल. आणि त्याखाली आपण नोकर. पैसे थांबले की तुझ्या काकासारखे."

सही झाली नाही. आठवड्यात तळ्यावर पाटी लागली: करार न केलेल्यांस प्रवेश बंद. राखणदार म्हणून नेमले दीर. मावशी विळा घेऊन पाण्यात उतरल्या, तसे ते नोंदवही घेऊन काठावर आले.

"वहिनी, नाव लिहावं लागेल हो."

"लिहा. पण आधी मोळी उचलायला हात द्या."

दीरांनी मोळी उचलून दिली आणि नाव लिहिलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा लिहितात. वही भरत आली आहे. मावशींना त्याचं दुःख नाही. इथं आपण नेमानं कापतो, याचा सरकारी पुरावा त्यांच्याकडे आजवर नव्हता.