साडूंचा स्क्रूड्रायव्हर

आमच्या साडूंसारखा धोकादायक पाहुणा अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. चोर निदान घर रिकामं व्हायची वाट बघतो. हे आपण घरात असताना येतात, दोन कप चहा पितात, पोरांच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि जाताना टीव्हीचं काळीज पिशवीत घालून नेतात. वर उंबऱ्यात थांबून आपल्यालाच झापतात, "साडूभाऊ, यातले नऊ पार्ट जिंदा हायत आन् तुम्ही भंगारात टाकायला निघाले? माणसं हाय का कोन हाय तुम्ही?"

बिघडलेल्या वस्तूंमधले सर्किट बोर्ड काढायचे, कथील वितळवून त्यावरचा एकेक पार्ट सोडवायचा, मल्टिमीटर लावून त्याची नाडी बघायची आणि जे जिवंत निघेल त्यातून काहीतरी नवीन बनवायचं, हा त्यांचा छंद. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याला छंद म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणणं आहे. सिल्लोडला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत ॲम्प्लिफायर बसला. नवरीचा बाप कपाळाला हात लावून उभा, आणि साडू स्टेजवर चढून मंडपवाल्याला विचारताहेत, "टाकून देनार का?" आमचा मिक्सर तर त्यांनी पुरता उघडून परातीत मांडला होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं. भांडं नीट बसलं नव्हतं, एवढंच. बायकोनं त्या दिवशी पाट्यावर चटणी वाटली आणि वरवंट्याच्या प्रत्येक फेरीला माझ्याकडे पाहिलं. जणू हे साडू मीच शोधून आणले होते! तिच्याच थोरल्या बहिणीचा नवरा.

हल्लीच्या वस्तूंचा त्यांना भयंकर राग. एकदा आमच्या पोराचा बंद पडलेला स्पीकर त्यांनी चारी बाजूंनी तपासला. तो डिंकानं चिकटवलेला होता, स्क्रू एकही नव्हता. साडू लालबुंद झाले. "स्क्रूच नाय! म्हंजी उघडायचंच नाय व्हय? अरे, माणसाचेसुद्धा टाके उसवता येत्यात!" तो राग त्यांनी स्पीकर बनवणाऱ्यावर काढावा ना? संध्याकाळपर्यंत मला ऐकावं लागलं.

पण सगळ्यात डोकं फिरवणारी खोड म्हणजे पुड्या. सोडवलेला प्रत्येक पार्ट साडू जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुडीत बांधतात आणि पुडीवर, आत काय आहे ते नव्हे, तो कुणाच्या घरचा आहे ते लिहितात. 'सिल्लोडची मावशी, टेप.' 'पाटील सर, टीव्ही.' श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत अशा शेकडो पुड्या. एखादी वस्तू दुरुस्त करून दिली की तिची वंशावळ ऐकल्याशिवाय सुटका नाही. "नुसता आकडा लिहा की," असं मी एकदा म्हणालो, तर केवढे उखडले! "आमचा बाप दोनशे मेंढरं तोंडावरून वळखायचा. कोन्चं कोकरू कोन्च्या पोटचं, अंधारात सांगायचा. मला चार डबे सांभाळता येऊ नये व्हय?"

माझी आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचा आवाजही खोल गेला होता. हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हती. बाजारातून आणलेल्या बेलचं बटण तिच्या बोटांनी दाबलं जाईना. साडू आले, अर्धा तास तिच्या हाताकडे बघत बसले आणि चौथ्या दिवशी बेल घेऊन आले. कुठल्याशा यंत्राचं तळहाताएवढं बटण, कुणाच्या तरी इन्व्हर्टरमधला बझर. आवाज म्हणजे 'ट्याँऽऽ', बदक चिरडल्यासारखा! मी वैतागलो. आई मात्र खूष. दिवसातून दहादा बेल वाजायची. हातातलं काम टाकून, "आलो, आई" म्हणत मी धावायचो आणि ती शांतपणे म्हणायची, "काय नाय. वाजती का बघितलं."

आई गेली. तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पानसुपारी घेत होते, आणि बघतो तर साडू खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून भिंतीवरची बेल सोडवताहेत!

"तेरा दिवस तरी नीट होऊ द्यायचे!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"साडूभाऊ, नुसती टांगून ठिवली की कपॅसिटर वाळतो. पार्ट मरत्यात."

हे बोलता बोलता त्यांनी चारही स्क्रू पुडीत बांधले आणि वर पेनानं लिहिलं, 'आई'. माझ्या आईची पुडी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "घेऊन जा ती, आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवू नका," असं मी म्हणालो. साडूंनी बेल पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि गेले. आम्ही दोघंही राहायला पुंडलिकनगरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. पण चार महिने मी दूध आणायलासुद्धा लांबच्या वाटेनं जायचो. त्या रिकाम्या भिंतीवरची चार भोकं मात्र मी बुजवली नाहीत.

मग करमाडला साडूंच्या वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. साडूंना लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. बायको म्हणाली, "दाजींशी बोलू नका हवं तर, पण माणसाला बघून या." गेलो. अंगणात मेंढरं, ओसरीवर सतरंजी, आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला साडू. मी तोंड फिरवून बसलो. वहिनींच्या सुनेनं चहा आणून दिला. पहिला घोट घेणार, एवढ्यात आतून आवाज आला.

ट्याँऽऽ.

"आलो, आई!" म्हणत मी ताडकन उठून उभा राहिलो होतो. चहा बशीत सांडला. ओसरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. साडू तेवढे खाली सतरंजीकडे बघत होते.

"आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी त्यांच्यावर खेकसलो.

"तवा कुठं म्हाईत व्हतं, कोनाला लागंल ते?" साडू म्हणाले. "बसा, साडूभाऊ. सून गेलीय."

सून हसत बाहेर आली. "काय नाय. वाजती का बघत होत्या."

मी बसलो. बशीतला चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो.