बंब, पाक आणि सरांचा उजवा बूट

पृथ्वीच्या पोटातली उष्णता बाहेर काढायची म्हणून मी सर्वांत आधी आईचा अंघोळीचा बंब बाहेर काढला.

एकाहत्तरचा हिवाळा. देवळाली प्रवऱ्याला आमचा ऊस, मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ आणि मी पुण्याहून इंजिनियर होऊन आलेला घरातला पहिला शहाणा. जमिनीखालच्या गरम पाण्यावर वीज कशी करावी, यावर मला पीएच.डी. करायची होती. फेलोशिप एकच, उमेदवार दोन. दुसऱ्याचं इंग्रजी फाडफाड. (माझं इंग्रजी आधी मराठीची परवानगी घेऊन मगच बाहेर पडायचं!) पुण्याचे सर म्हणाले, "रविवारी नगरकडे येतोय. तुझं मॉडेल बघतो, मग ठरवू."

आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्याआधीच ठरवून टाकलं. "मिळाली तर जा. न्हाई मिळाली तर सोमवारपासनं कोयता घ्यायचा आन् उसात शिरायचं. जमिनीत गरमी हाय हे सांगाया पगार कोन देतंय? मे महिन्यात अनवानी चाल, फुकटात कळंल!"

माझं मॉडेल साधं होतं. गुऱ्हाळाची काहील म्हणजे पृथ्वीचं पोट. तिच्यातला उकळता रस म्हणजे जमिनीखालचं गरम पाणी. बंबात गार पाणी भरायचं, त्यात तांब्याची वेटोळी नळी सोडायची आणि हातपंपाने तिच्यातून रस फिरवायचा. रसाची उष्णता बंबातल्या पाण्याला मिळणार, सर थक्क होणार, मी डॉक्टर होणार!

"आन् आमच्या अंघोळी?" आईने विचारलं.

"आई, देशाच्या विजेचा प्रश्न आहे!"

"देशाला म्हनावं, पातेल्यात तापव."

गेणूतात्या आमचा गुळव्या. शाळा तिसरीपर्यंत, पण पाक कधी आला, हे काहिलीकडे पाठ करून नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगायचा. त्याने नळी निरखली. "आतनं एरंडेल फिरवलं का? न्हाईतर गूळ चिकटंल."

"तात्या, हे इंजिनियरिंग आहे," मी म्हणालो आणि वर हसलोसुद्धा. (ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.)

सर दहाला यायचे होते. एस.टी. राहुरीपाशी पंक्चर झाली, सर बाराला उगवले. तोवर रस काही त्यांची वाट बघत बसला नव्हता. तो आटत आटत घट्ट होत गेला.

"सुभाषराव, पाक आलाय!" तात्या माझ्याकडे बघून ओरडला. "आता उतरवाया पायजे. तुमच्यासाठी दुसरं आदण टाकतो."

दुसरं आदण म्हणजे नवा रस पहिल्यापासून उकळायचा, त्याला तीन तास. सरांची परतीची गाडी दीडला. माझ्या डोळ्यांपुढे कोयता नाचायला लागला.

"पाक तुमच्यासाठी, तात्या! विज्ञानासाठी तो नुसता उष्ण द्रव आहे!" असं म्हणून मी पंप मारला.

पहिली दोन मिनिटं काय वर्णावी! बंब तापला. सरांनी बोट बुडवलं आणि म्हणाले, "वा!" आण्णांनी 'वा' ऐकलं आणि त्यांची मान ताठ झाली. एवढ्यात पंपाचा दांडा जड झाला. मग जास्त जड. मग हलेचना!

"सरक, तुझ्यात जीव न्हाई!" आता घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. आण्णांनी धोतर खोचलं आणि दांड्यावर अख्खा भार टाकला. फट्‌! रबराचा जोड निसटला. पाकाची पिचकारी उडाली, सरांनी मागे उडी मारली, तात्या काहील सोडून त्यांना धरायला धावला आणि मागे काहिलीत अख्खं आदण करपलं!

सरांना कुठे भाजलं नव्हतं. पण त्यांनी पाय उचलला, तर मोजा वर आला आणि उजवा बूट खाली गुळातच राहिला. आण्णा बूट ओढू लागले. बूट येईना. आईने पदर तोंडाला लावला. (ती रडत नव्हती!) मी मनातल्या मनात कोयत्याला धार लावायला घेतली.

सर एका बुटावर उभे राहून म्हणाले, "नळी कापा."

तात्याने करवतीने नळी कापली. आत सोनेरी गूळ घट्ट बसलेला, मध्ये जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. सर ते टक लावून बघत राहिले आणि एकदम हसायला लागले.

"अरे, गरम झऱ्याचं पाणी नळीत गार होतं, तेव्हा त्यातले क्षार असेच बसतात! नळ्या तुंबतात, सगळा कारखाना ठप्प. तो दुसरा मुलगा मला व्यवस्थित चालणारं मॉडेल दाखवून गेला. खरी अडचण तू दाखवलीस. आता सांग, यावर उपाय काय?"

मी तात्याकडे बघितलं.

"एरंडेल," तात्या म्हणाला. सरांनी ते वहीत लिहून घेतलं!

आण्णांच्या वहाणा घालून सर पुण्याला गेले आणि पंधरा दिवसांत फेलोशिपचं पत्र आलं. आण्णांनी तोच करपलेला गूळ गावभर वाटला. "पोराला शिकाया सरकार पगार देतंय!" असं ते प्रत्येक ओट्यावर थांबून सांगत होते. मला इतका आनंद झाला की मी रडलो.

पुढे प्रबंध झाला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे नळ्यांना आतून लेप देऊन क्षार चिकटू न देण्याचं. डॉक्टर होऊन मी गावी आलो, तेव्हा आण्णांनी गुऱ्हाळावर मला हार घालून सत्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त गेणूतात्या काहिलीकडे पाठ करून उभा होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "डाक्टर झाला, लई चांगलं झालं. पन त्याला काहिलीजवळ येऊ देऊ नगा. पोराला अजून पाक आलेला कळत न्हाई!"