मुकादमाचा हात

इवाकिरी मुकादमाच्या हातचा मार जपानातल्या कोबे बंदराच्या सगळ्या गोदीनं खाल्लाय. कुणाकडून माल निसटला की हा समोर उभा राहायचा आणि दोन्ही तळहात एकदम दोन्ही कानांवर हाणायचा. हमाल नेमोतोच्या हातून एक पेटी पडली, तेव्हा त्याच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. तेव्हापासून नेमोतो बहिराच. कानाशी ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. मुकादमाला कुणी जाब विचारला नाही. आग लागो असल्या हाताला, असं मी माझ्या गुत्त्याच्या चुलीमागून कैकदा म्हटलं, पण मनातल्या मनात.

पुढं क्रेनचा दोर तुटून त्याचा पाय चिरडला आणि गोदी सुटली. पन्नाशी उलटल्यावर हा रेडा म्हणे गिटार शिकणार! आमच्या गल्लीत म्हातारा तोकुजी गिटार गळ्यात अडकवून गुत्त्यागुत्त्यातून फिरतो. गिऱ्हाइकानं गायचं, यानं साथ करायची. मुकादम त्याचाच चेला झाला. शिकवताना तोकुजी माझा लोखंडी चिमटा घेऊन बसायचा. सूर चुकला की बोटांच्या पेरांवर टाण!

"बोट उचल! गोणी दाबतोयस का?"

"उचलतोय की मास्तर."

"तोंड बंद. वाजव."

सगळ्या गोदीला झोडणारा माणूस मुकाट मार खायचा. खोटं कशाला बोलू, मला बघून बरं वाटायचं.

बोटं वळली हो, पण स्वभावाला औषध नाही. या धंद्याचा नियम एकच: गिऱ्हाईक बेसूर होवो, ताल सोडो, गिटारीनं त्याच्या मागं जायचं. चुकलं म्हणायचं नाही. मुकादमाला तेवढंच जमेना. एका खलाशाला मध्येच थांबवून हा गरजला, "गाढवा, पुन्हा पहिल्यापासून म्हण!" खलाशानं बाटली फेकली, यानं त्याचं थोबाड माझ्या फळीवर आपटलं. नंतर एका कोळ्याचे दात पाडले. ते मीच केरात लोटले.

तोकुजीनं सांगून टाकलं, "आता एकदा जरी हात उचललास, तर गिटार माझी मला परत दे. या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

मुकादम ढसाढसा रडला. "मास्तर, घरी नुसत्या भिंती आहेत. हे काढून घेतलंत तर मी जगू कशावर?"

आणि त्याच आठवड्यात, दिवे लागायच्या आत, नेमोतो माझ्या दारात उभा, आणि मुकादम आत गिटार घेऊन बसलेला. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"ए मुकादम!" बहिरा माणूस, ओरडूनच बोलायचा. "बंदराचं गाणं वाजव. मी गाणार."

देवा रे, काय गायला तो! सूर एकीकडं, शब्द भलतीकडं. पण मुकादम खाली मान घालून गिटारीनं त्याच्या गाण्यामागं जात राहिला. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायला लागली. नेमोतोला हसणारी तोंडं तेवढी दिसली.

"मुद्दाम चुकवतोस? माझी फजिती करतोस?" त्यानं मुकादमाच्या थोबाडीत दिली. मुकादमाचा ओठ फुटला. गिटारीच्या दांड्यावर त्याची मूठ अशी आवळली की म्हटलं, संपलं, आता इथं मुडदा पडतो.

मूठ सुटली. गिटार पुढं वाजायला लागली.

नेमोतो आणखीनच पिसाळला. दोन्ही तळहात एकदम मुकादमाच्या कानांवर! तोच वार, मुकादमाचाच. रक्त कानातून मानेवर आलं. मी सुरी उचलून धावले.

"मध्ये पडू नका, ताई," मुकादम म्हणाला. "त्याचं गाणं संपलेलं नाही."

नेमोतो रडत, मारत शेवटपर्यंत गायला. गाणं संपल्यावर साथ करणारा वाकून नमस्कार करतो, तसा मुकादम वाकला. नेमोतो जमिनीवर थुंकून निघून गेला.

मुकादमाचे कान गेले. तार लावताना ऐकू येईना. एके दिवशी संतापून त्यानं गिटारीच्या कडेचा चावा घेतला आणि तार छेडली. मग एकदम ताठ बसला.

"ताई! येतंय! दातातून डोक्यात येतंय!"

तोंडावर हसू फुटलं आणि लगेच विझलं. गिटार उचलून तो लंगडत गोदीवर निघाला. मीही मागं धावले. म्हटलं, आज याला जिवंत परत येऊ देत नाहीत.

त्याला पाहताच नेमोतोनं हातातला पेट्या ओढायचा लोखंडी आकडा उगारला. मुकादमानं अंग चोरलं नाही. गिटारीची कड त्याच्या तोंडापुढं धरली, स्वतः चावून दाखवली, पुन्हा पुढं केली. नेमोतोनं आधी शिवी हासडली. मग एका हातात आकडा तसाच धरून लाकडाला दात लावले.

मुकादमानं तार छेडली.

आकडा खाली पडला. नेमोतोचे डोळे इतके मोठे झाले की मला बघवेना. गिटार दातांत तशीच धरून तो मुकादमाच्या छातीवर बुक्क्या हाणू लागला, एकामागून एक, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. दातांतली गिटार सोडून एकदाच बोलला.

"थांबलास का रे हरामखोरा? वाजव!"

मुकादम बुक्क्या खात वाजवत राहिला.