बसतं, पण तिसरी कुठंय?

यार्डात नवीन मशीन आलं की बाकीचे त्याचा रंग बघायचे, मीटर बघायचे, सीटवर बसून फोटो काढायचे. आमचे मिस्त्री मात्र उकिडवे बसून त्याच्या पुढच्या हाताखाली डोकं घालायचे. तिथे तेलाच्या पाइपांची तोंडं असतात. एकेका तोंडावर बोट ठेवत ते मोजायचे, "एक, दोन." मग तिसरं बोट हवेत तसंच धरून वर बघायचे आणि विचारायचे, "तिसरी कुठंय?"

यावरून त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. आमचा वेल्डर विचारायचा, "मिस्त्री, पहिल्या दोघींना कुठे ठेवलंत?"

"त्या आहेत आपापल्या जागी. म्हणूनच तिसरीची काळजी करतोय."

तुम्ही ही मशीन पाहिली असतील. एखाद्या प्लॉटवर वर्षानुवर्षं झुडपं माजलेली असतात आणि एक दिवस तिथे रबरी पट्ट्यांवर चालणारा बुटका लोडर येतो. आम्ही त्याला चेनवाला म्हणतो. त्याच्या पुढे मल्चर लावलेला असतो, म्हणजे लोखंडी दातांचा एक जाड रूळ. तो गरगर फिरतो आणि सुबाभळीचा उभ्या उभ्या भुगा करतो. विठ्ठलवाडीजवळच्या आमच्या यार्डातून असे मल्चर जातात. कुठला मल्चर कुठल्या लोडरला लावायचा, ते मिस्त्री ठरवायचे. ते ठरलं की ईमेल मी लिहायची.

मला घेतलंच होतं इंग्रजीसाठी. मी डोंबिवलीची, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी दहावीपर्यंत तिसरी भाषा. घरी मराठीच बोलतो, पण लिहायला बसलं की हात अडखळतो. शिवाय मी फार बोलत नाही. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. मिस्त्रींना वाटला नाही. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "इंग्लिश मॅडम, टेबलावर बसून मशीन कळत नाही. इकडे ये, हात काळे कर."

गिऱ्हाईक आलं की हॉर्सपॉवर सांगायचं. मिस्त्री वैतागायचे. "घोडे नको मोजू. धार सांग. मिनिटाला तेल किती लिटर येतं ते सांग." धार कमी पडली की रूळ नुसता कण्हतो, ऑपरेटर चिडून मशीन पुढे रेटतो आणि तेल तापतं. मग वजनाचा मुद्दा. एका माणसाला स्वतःचा छोटा लोडर फार आवडला होता आणि त्यावर सगळ्यांत मोठा मल्चर हवा होता. मिस्त्रींनी ऑइलचा भरलेला कॅन त्याच्या हातात दिला. "हात सरळ समोर धरा. कोपर वाकवायचं नाही. आता त्या गेटपर्यंत जाऊन या." तो चार पावलं गेला आणि पुढे झुकला.

"पण काका, मल्चर अडकवायची पुढची प्लेट तर बरोबर बसते ना?" त्याने विचारलं.

"बसते की. बसायला काय, मी पण म्हशीवर बसतो. ती चालेल का?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण मला फरक माहीत नव्हता असं नंतर कोणी म्हणू नये. त्यांच्या तोंडी 'बसतं' म्हणजे जवळजवळ शिवी होती. मशीन चालू करून, तेल तापवून, सगळं पाहिल्यावरच ते मल्चरवर खडूने 'चालतं' असं लिहायचे. त्याआधी जे असायचं ते नुसतं 'बसतं'.

तिसरी नळी त्यांनी मला माझ्या डब्याच्या वेळी समजावली. दोन जाड पाइप, एकातून तेल जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. तिसरी बारीक. मल्चरच्या मोटरमध्ये थोडं तेल आतल्या आत गळतच असतं, ते गळायलाच हवं, आणि टाकीत परत जायला त्याला वाट हवी.

"कुकरची शिट्टी बंद केलीस तर?"

"फुटेल."

"तसंच. सील फोडून तेल बाहेर येतं. उकळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी पण तिसरी बंदच दिसते. दिवसभर काही बोलत नाहीस."

मी डबा बंद केला. राग आला होता, पण तोही मी बोलून दाखवला नाही.

त्यानंतर साधारण महिन्याने शिळफाट्याच्या पुढच्या एका कंत्राटदाराची चौकशी आली. त्याचा चेनवाला जुना होता आणि त्याला मल्चर लगेच हवा होता. मिस्त्री लोडर बघायला त्याच्या साइटवर गेले आणि तिथून त्यांनी मला फोन केला. मागे कुठलं तरी इंजिन चालू होतं.

"लिहून घे. धार जेमतेम आहे, छोटा मल्चर ओढेल. प्लेट बसते. पण तिसरी नाही. टाकीपर्यंत नवी लाइन टाकल्याशिवाय द्यायचा नाही. लिहिलंस?"

मी लिहीत होते. सर माझ्या टेबलाशी उभे होते. सर म्हणजे आमचे मालक. "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "बसतं म्हणतायत, पण तिसरी..."

"बसतं ना? मग लिही कम्पॅटिबल. त्यांची तिसरी आयुष्यभर चालू राहणार. तो माणूस आत्ता ईमेलची वाट बघतोय."

मी लिहिलं, 'कम्पॅटिबल'. चांगला शब्द आहे. शाळेत त्याचं स्पेलिंग माझं कधी चुकलं नाही. 'बसतं' आणि 'चालतं' या दोघांना त्यात एकाच खुर्चीत बसवता येतं.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री पुतणीच्या लग्नाला गावी गेले. जाताना मला विचारून गेले, "लाइनचं लिहिलंस ना?" मी मान हलवली. तुम्ही माझ्यासारख्या असाल तर ही मान तुम्हाला माहीत असेल. ती हो पण नसते आणि नाही पण नसते. ते नसताना सरांनी मल्चर पाठवला. बारीक नळीला लोडरवर जोडायला जागा नव्हती, म्हणून तिच्या तोंडात लोखंडी बूच ठोकलं. ते मी काचेतून पाहिलं.

पहिल्याच दिवशी तासाभरात सील फुटलं. काय गळतंय ते बघायला ऑपरेटर खाली उतरला आणि वाकला. मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा उजवा हात भाजला. तोच माणूस मल्चर न्यायला आला होता तेव्हा सही करायला त्याने माझं पेन मागितलं होतं आणि आठवणीने परत दिलं होतं.

मिस्त्री परत आले त्या दिवशी कंत्राटदार यार्डात आला. सोबत तो लोडर ट्रेलरवर घालून आणलेला. केबिनमध्ये सर, कंत्राटदार, मिस्त्री आणि मी. टेबलावर माझ्या ईमेलचा कागद.

"कम्पॅटिबल कोण म्हणालं?" कंत्राटदाराने विचारलं.

"आमचा टेक्निकल माणूस," सर म्हणाले. "लोडर बघायला हेच आलेले ना तुमच्याकडे?"

मिस्त्रींनी कागद उचलला, उलटसुलट बघितला आणि माझ्यापुढे धरला. "वाच गं. काय लिहिलंय?"

मी वाचलं.

"म्हणजे काय?"

मला म्हणायचं होतं, म्हणजे मी तुमचं वाक्य अर्ध्यात कापलं. मी म्हटलं, "म्हणजे... बसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग परत माझ्याकडे. ते थांबले होते. पुढचं मी बोलायचं होतं, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना कळत होतं. एसी चालू होता. सरांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

"हो," मिस्त्री म्हणाले. "बसतं असं मी म्हणालेलो."

एवढंच. एका नळीवरून अख्खं यार्ड डोक्यावर घेणारा माणूस तिथे तिसरीचं नावही काढेना! मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ओरडा ना, रोज ओरडता तसे. माझ्याकडे बोट दाखवा. त्यांनी दाखवलं नाही. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका," आणि कंत्राटदाराला चहा विचारला.

जाताना ते गेटपाशी ट्रेलरजवळ थांबले. सवयीने वाकले आणि लोडरच्या हाताखाली डोकं घातलं. मी काचेमागे उभी होते. मला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण बोटं दिसत होती. एक, दोन. तिसरं बोट हवेत राहिलं. मग त्यांनी वर माझ्या काचेकडे पाहिलं आणि मी एक पाऊल मागे सरकले.

ते एक पाऊल मला अजून माफ करता येत नाही. सरांना तर अजिबातच नाही, आणि करायचंही नाही.

पुढच्या आठवड्यात यार्डात सगळीकडे हेच पसरलं की मिस्त्रींची नजर गेली, वय झालं, म्हाताऱ्याने एका माणसाचा हात जाळला. ठाण्यात, कल्याणात जिथे जिथे ते काम मागायला गेले, तिथे त्यांच्या आधी ही गोष्ट पोचलेली असायची. वेल्डरने मला हे सांगितलं तेव्हा त्याला चेष्टा सुचत नव्हती.

मी पत्र लिहायला घेतलं. मराठीत, कारण ते त्यांना स्वतःला वाचता यायला हवं होतं. चार रात्री खाडाखोड केली. मग जेवणाच्या सुट्टीत यार्डाच्या मागे जाऊन त्यांना फोन लावला. ते कोपरीत घरीच होते.

"काका, मी."

"बोल, इंग्लिश मॅडम."

"पत्र लिहिलंय. कंत्राटदाराला आणि त्या ऑपरेटरला. वाचून दाखवू?"

"मराठीत? चुका असतील."

"असतील."

"वाच."

मी वाचलं. 'सदर लोडरला तिसरी नळी नसल्याचे व ती लाइन टाकल्याशिवाय मल्चर देऊ नये असे मिस्त्रींनी फोनवर स्पष्ट सांगितले होते. परंतु सदर बाब ईमेलमध्ये नमूद झाली नाही. नळीचे तोंड बूच लावून बंद करण्यात आले.' वाचताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटत होता. 'सदर' हा शब्द मी मुद्दाम शोधून घातला होता.

माझं वाचून झालं. मग ते म्हणाले, "बसतं."

"काय?"

"पत्र. बसतं, पोरी." आणि फोन ठेवला.

मी तिथेच मल्चरच्या रांगेत उभी राहून परत वाचलं. नमूद झाली नाही. कोणी केली नाही? बंद करण्यात आले. कोणी केले? अख्ख्या पानात एकही माणूस नव्हता. माझ्या डोक्यात इतका राग साचलेला आणि पत्रात त्याला बाहेर यायला एक बारीक वाटसुद्धा नव्हती.

टेबलावर येऊन मी ते फाडलं आणि नवीन लिहिलं. लहान झालं. 'मिस्त्रींनी मला फोनवर सांगितलं की तिसरी नळी नाही, लाइन टाकल्याशिवाय मल्चर देऊ नका. मी ते ऐकलं. सर म्हणाले कम्पॅटिबल लिही. मी लिहिलं. मिस्त्री गावी असताना सरांनी नळीत बूच ठोकून घेतलं. ते मी पाहिलं आणि गप्प बसले. मिस्त्रींची चूक नाही.' खाली माझं पूर्ण नाव आणि सही. दोन प्रती टपालाने पाठवल्या आणि तिसरी सरांच्या टेबलावर ठेवली. "काय आहे हे?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "वाचा." नोकरी लागल्यापासून त्यांच्याशी इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. केबिनबाहेर वेल्डरने मान वर केली.

संध्याकाळी माझ्या वस्तू एका पिशवीत भरून मी गेटबाहेर आले आणि कोपरीला फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने उचलला. म्हणाल्या, ते गावी गेले, मोबाइल इथेच टाकून, आता परत कधी ते माहीत नाही.

"काही निरोप आहे का?"

मी पिशवीतून पत्राची झेरॉक्स काढली आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बरं, सांगते."

पत्र गेलं आहे. बसतं की नाही, एवढं आता माझं मला कळतं. पुढचा शब्द खडूने लिहून द्यायला मिस्त्री इथे नाहीत.