मेलेल्या उंदरांच्या खुणा

"चौथी पास औरत अब हमें साइंस सिखाएगी?" असं म्हणून साहेबांनी रजिस्टर माझ्या अंगावर फेकलं. पुठ्ठ्याचा कोपरा गालाला लागला. तिथं शिकणारी मुलं-मुली हसली. साहेब पुण्याचे. एरवी माझ्याशी मराठीत बोलायचे. अपमान मात्र हिंदीत केला, सगळ्यांना कळावा म्हणून.

नव्वदनंतरची गोष्ट. लखनौच्या एका संशोधन संस्थेत नवरा शिपाई होता. तो मेला, त्याच्या जागी मला घेतलं. काम प्राणीघरात. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, दाणापाणी बघायचं. सगळे उंदीर सारखेच दिसतात, म्हणून अंगावर पिवळ्या रंगाची खूण करतात. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. खुणा मीच करायचे. एखादा मेला की रजिस्टरात लिहून सही करायची.

साहेबांचं तापावरचं नवं औषध दहा उंदरांना चालू होतं. चार मेले. साहेब हळूच म्हणाले, "मावशी, हे लिहू नका. चार नवे घ्या, त्याच खुणा करा. इथं आपलं माणूस तुम्हीच."

मी केल्या. आपलं माणूस म्हटल्यावर फुगले. तो गुन्हा माझा.

आठवड्याने नव्यातले दोन मेले. नाकातून रक्त. मी विचारलं, "साहेब, हे माणसांना देणार?"

"देतीलच पुढं. तुम्ही रंग लावा."

रंग लावला नाही. सहाच्या सहा मेलेले लिहिले, खाली सही केली. तेव्हा ते रजिस्टर अंगावर आलं.

"पन्ना फाड़ो। नया लिखो।"

पिंजऱ्यांच्या कामावरचा रामू भैया कानाशी लागला, "अरे अम्मा, कर दो ना. चूहा ही तो है."

"मरा हुआ चूहा है, भैया," मी म्हणाले. "ज़िंदा कैसे लिखूँ?"

पान दुसऱ्या कुणी तरी फाडलं. औषधावरचा लेख छापून आला, साहेबांना हार पडले. मला संडास धुवायला लावलं. निवृत्त होईपर्यंत धुतले. कुणी काही विचारायला आलं नाही.

म्हणून न विचारता सांगते. सहा मेले होते. पहिले चार मी लपवले. चौकशी बसली तर उभी राहीन, आधी माझं नाव सांगेन आणि मग साहेबांचं.