केरबानं पारखलेली गाडी

छावणीत माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्या घेतो, नीट करतो, विकतो. गिऱ्हाईक येतं, टायरला लाथ मारतं, काही कळत नसताना बॉनेट उघडायला लावतं आणि म्हणतं, "वहाबभाई, शेवटचं सांगा." डोकंच फिरतं माझं. पण केरबासारखं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

धनगराचा माणूस. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. म्हातारपणी मेंढरं विकली आणि बायकोला घेऊन बजाजनगरला पोराकडं राहायला आला. पोरगा बिभीषण, कंपनीत कंत्राटावर. म्हातारीला, राजाबाईला, पोटाचा कॅन्सर. केमोसाठी तिला सारखं शहरात न्यावं लागायचं. शेअर रिक्षात ती उलट्या करायची, तर रिक्षावाले मधेच उतरवायचे. एकदा शेजाऱ्याची गाडी मागून आणली, ती भर उन्हात बंद पडली. म्हातारी रस्त्याच्या कडेला मातीतच आडवी झाली. तेव्हा केरबानं ठरवलं, मेंढरांच्या पैशातून गाडी घ्यायची. स्वस्तातली असंल, जुनी असंल, पण रस्त्यात बसायची नाय.

मी पांढरी व्हॅगनआर दाखवली. एका मास्तरनं लई जपून वापरलेली. मागच्या सीटवर म्हातारी पाय दुमडून झोपली असती. बिभीषण स्वतः ती चालवत छावणीला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "बाबा, आजच नेऊ."

"थांब," केरबा म्हणाला. "एका नजरंत जनावर घेत नसतेत."

त्यांच्यात मेंढा घ्यायचा तर सकाळी उपाशीपोटी बघायचा, उन्हात बघायचा, चालून दमल्यावर बघायचा, आणि आठ दिवस आपल्या कळपात ठेवून मग पसंत करायचा. "आठ दिवस घरी ठिवतो, मिस्त्री," म्हणाला.

"अहो बाबा, गाडी आहे ती, मेंढा नाय!" मी ओरडलोच.

त्याला राग आला नाही. त्यानं इसाराचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "मंग मीच हितं येतो."

आणि यायला लागला की! सिटी बसनं. सकाळी शटर उघडायच्या आधी हजर. बॉनेटवर हात ठेवून गाडी गार असल्याची खात्री करायचा, मग चालू करायला सांगायचा. दुपारी उन्हात पुन्हा. गाडीखाली पेपर अंथरून तेल गळतं का बघत टायरवर बसून राहायचा. मी चिडवायचो, "बाबा, पाला टाकू का तिच्यापुढं?" तो हसायचा, तंबाखू मळायचा. पंधरवडा उलटला. बिभीषणचे फोन यायचे, "वहाबभाई, बाबांना समजवा. आईचे लई हाल होतेत."

मी समजावलं. केरबा म्हणाला, "एकदा मातीत निजवली तिला. दुसऱ्यांदा नाय निजवणार."

मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी बिभीषणचा फोन. "आई गेली. रिक्षातच. दवाखाना यायच्या आधी." मी बरं म्हणालो. बरं का म्हणालो, खुदा जाणे. फोन ठेवला आणि हातातला नट आवळत बसलो. काही वाटतच नव्हतं.

तेरावा झाल्यावर बापलेक आले. इसार परत द्यायची आमच्या धंद्यात रीत नाही, पण मी तो पुढं केला. केरबानं बघितलंसुद्धा नाही.

"चालू कर," म्हणाला.

मी चावी फिरवली. गाडी लगेच चालू झाली. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. तोंडावर ना रडू, ना राग. काहीच नाही.

"मिस्त्री, खरं सांग. पहिल्या दिवशी बी ती अशीच हुती का? तवाच नेली असती तर?"

बिभीषण खाली बघत होता.

"नाय बाबा," मी म्हणालो. "तवा पंप खराब होता तिचा. नंतर बदलला मी. नेली असती तर रस्त्यात बसली असती."

"व्हय?"

"व्हय."

बिभीषणनं मान वर केली. पहिल्या दिवशी त्यानं स्वतः चालवली होती ती, कुठं अडली नव्हती. त्यानं गुपचूप इसार खिशात घातला.

"मंग बरं झालं," केरबा म्हणाला. हात काढून घेतला. जरा वेळानं माझ्याकडं वळला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"म्हंजी तू मला खराब माल देत हुतास. माझी म्हातारी आजारी हाये म्हाईत असून. चोर हाईस तू, मिस्त्री."

माझ्या दुकानात मला कुणी चोर म्हणालं तर मी पाना घेऊन मागं धावतो. अख्ख्या छावणीला ठाऊक आहे.

"व्हय बाबा," मी म्हणालो.